दोन्ही हात मांडीखाली

दुर्ग स्टेशनवर गाडी सुटायला चार-पाच मिनिटं होती आणि थॉमस डब्याच्या दारात उभा राहून मला सांगत होता, "वामन भैया, मैं कुछ नहीं करता था. बस बोलता रहता था."

मी त्याला तिसऱ्यांदा तेच विचारलं होतं. मैदानावर तू नेमकं काय करतोस ते सांगून जा, मी लिहून घेतो. खिशात पेन्सिल होती, पुठ्ठ्याचा तुकडाही होता. तो हसला. त्याच्या वडलांनी पेटी आत सरकवली. गार्डाची शिट्टी झाली. पुठ्ठा कोराच राहिला.

त्याला बोटीवरच्या नोकरीचा कॉल आला होता. असा कॉल परत येत नाही. थांब म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि म्हटलं असतं तरी तो थांबला नसता. मी हात हलवला. टूर्नामेंटला अकरा दिवस राहिले होते.

ज्यांनी बास्केटबॉल कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूला पाच जण खेळतात. उंच पोरं रिंगखाली उभी राहतात, पॉइंट करतात, टाळ्या घेतात. एक जण, बहुतेक सगळ्यांत बुटका, बॉल जमिनीवर टप्पे देत आपल्या बाजूकडून पलीकडे नेतो आणि कुणाला कधी द्यायचा ते ठरवतो. आता त्याला पॉइंट गार्ड म्हणतात. आम्ही त्या वेळी नुसतं 'बॉल आणणारा' म्हणायचो. पेपरात त्याचं नाव येत नाही. पण तो गेला की लग्नाच्या दिवशी आचारी पळून जावा तसं होतं. डाळ, तांदूळ, चूल सगळं जागेवर असतं आणि पंगत उपाशी.

थॉमस आमचा आचारी होता. आणि मी त्या टीमचा कोच होतो, असं म्हणायला मला अजूनही जड जातं.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. गाव पुलगावच्या बाजूला. वडील गेल्यावर आईनं मला दुर्गला मामाकडे धाडलं. मामा रेल्वेत गँगमन होते. तेव्हा भिलाईत रशियनांच्या मदतीनं स्टील प्लांटचं काम जोरात होतं. ज्याचे हातपाय धड त्याला काम मिळत होतं. मी एका ठेकेदाराकडे खलाशी म्हणून लागलो. हा खलाशी बोटीवरचा नव्हे. क्रेननं जड लोखंड उचलायचं तर ते साखळीनं बांधणारा, वर चढून बसवणारा आणि क्रेनवाल्याला हातानं इशारे करणारा तो खलाशी. दोन वर्षं मी ते केलं. मग एका दुपारी माझ्या शेजारचा माणूस वरून पडला. तो वाचला, पण त्या दिवसापासून मला शिडीच्या सहाव्या दांड्यावर घाम फुटायला लागला. हे मी कोणाला सांगितलं नाही. खलाशानं हे सांगितलं की त्याची हजेरी बंद.

त्याच महिन्यात ठेकेदारानं आम्हा चौघांना कॉलेजच्या मैदानावर पाठवलं, बास्केटबॉलचे खांब उभे करायला. खांब उभे झाले, फळी लागली, रिंग लागली. मी खालून पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "रिंग चार बोटं खाली आहे."

मागे प्रिन्सिपल मुळे साहेब उभे होते. नागपूरचे. "तुला काय माहीत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की लहानपणी रेल्वेच्या मैदानावर खेळलो आहे. त्यांनी टेप मागवला. रिंग चार बोटं खालीच होती. पंधरा दिवसांनी मी डेली रेटवर कॉलेजात लागलो. कागदावर ग्राउंडमन. प्रत्यक्षात चुना मारायचा, बॉलमध्ये हवा भरायची आणि संध्याकाळी पोरांना खेळवायचं. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडणार होतो? मी रोज मैदान दोनदा झाडायचो.

आईला मी कार्ड टाकलं, कॉलेजात लागलो. तिनं गावात सांगितलं, वामन कॉलेजात आहे. गावाला वाटलं मी शिकतो आहे. ते मी दुरुस्त केलं नाही.

थॉमसला गाडीत बसवून मी परत आलो तो सरळ प्रिन्सिपल साहेबांच्या ऑफिसात गेलो.

"गेला?" ते म्हणाले.

"गेला, साहेब."

"बस."

मी बसलो नाही. त्यांच्यासमोर मी कधीच बसलो नाही.

"वामन, तुला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो," ते म्हणाले. "कमिटीचं म्हणणं आहे की कॉलेजच्या टीमला डिप्लोमावाला कोच पाहिजे. सातवी पास माणूस कागदावर कसा दाखवायचा? एक अर्जही आला आहे. मी सगळ्यांना टूर्नामेंटपर्यंत थांबवलं आहे. आठ टीम आहेत. पहिली मॅच जिंकलास तर सेमीफायनल. तेवढं झालं तर मला बोलायला तोंड राहील."

"आणि नाही झालं तर, साहेब?"

त्यांनी चष्मा पुसला. "तुझा ठेकेदार तुला परत घेईल ना?"

घेईल. घेणारच होता. मिलच्या शेडचं काम काढलं होतं त्यानं, सगळं उंचावरचं. मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा राहिलो.

पहिली चूक मी दुसऱ्याच दिवशी केली. जो बॉल सगळ्यांत चांगला हाताळतो त्याला थॉमसच्या जागी घातलं. कोणीही हेच करील. तो घोष होता. बॉल त्याच्या हाताला दोरी बांधल्यासारखा चिकटायचा. डावा हात, उजवा हात, पायाखालून, कुठूनही. पोरं बघत उभी राहायची. हीच अडचण होती, पण ती मला तेव्हा दिसली नाही.

रविवारी जामुलच्या सिमेंट फॅक्टरीवाल्यांशी प्रॅक्टिस मॅच ठेवली. ती माणसं शिफ्ट करून बसनं आली होती. अर्ध्यांची पोटं सुटलेली. एकानं तर चपला काढून पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाला, "चलो, बच्चों को सिखाते हैं." त्यांनी आम्हाला चौदा पॉइंटनी हरवलं.

घोष मान खाली घालून बॉल घेऊन जायचा आणि तीन सिमेंटवाल्यांच्या मध्ये जाऊन अडकायचा. गुरदेव, आमचा कॅप्टन, सहा फूट दोन इंच, रिंगखाली हात वर करून पंजाबीत ओरडायचा. राव कोपऱ्यातून तेलुगूत ओरडायचा. घोष बांगलात उत्तर द्यायचा. हिंदी सगळ्यांना येत होती, पण घाईत माणूस आपलीच बोली काढतो. दुसऱ्या हाफमध्ये राव आणि गुरदेव एकमेकांवर आदळून दोघंही पडले. चपला काढलेला माणूस त्यांच्यावरून उडी मारून गेला आणि त्यानं पॉइंट केला.

मॅच संपल्यावर मी रावला विचारलं, "थॉमस होता तेव्हा असं का होत नव्हतं?"

राव ओठाला फडकं लावून बसला होता. "वो मेरे को तेलुगू में बोलता था ना, भैया. दो-तीन वर्ड सीखा था. पीछे जा, इधर आ."

"और मेरे नाल पंजाबी में," गुरदेव म्हणाला.

घोषनंही मान हलवली.

म्हणजे थॉमस खरंच बोलत राहायचा. प्रत्येकाशी त्याच्या बोलीत. तो मला स्टेशनवर खरं तेच सांगून गेला होता आणि मी पेन्सिल घेऊन दुसरंच काही ऐकायला उभा होतो. आता एवढ्या बोली येणारा बॉल आणणारा मी आठ दिवसांत कुठून आणू?

त्या दुपारी मामाकडे जेवायला गेलो. भाकर तोडली आणि तशीच हातात राहिली.

"कावून बे, जेवत कावून नाही?" मामा म्हणाले.

"मामा, पोट्टे एकमेकांचं ऐकूनच नाही राहिले."

"ऐकतीन कसे? एक सरदार, एक तेलंगी, एक बंगाली. अन् कोच कोन, त पुलगावचा."

"थॉमस होता तवा..."

"थॉमस गेला. त्याचं नाव किती दिस घेशीन?" मामांनी पाण्याचा घोट घेतला. "मले एक सांग. सायटीवर तो रशियन साहेब होता तुमचा. लाल तोंडाचा. त्याचं कसं ऐकत होता तू? रशियन येत होतं काय तुले?"

"नाही न मामा. तो हातानं..."

मामी म्हणाली, "भाकर थंडी होऊन राहिली, भाऊ." मी उठलो होतो.

सायटीवर आवाजाचा उपयोग नसतो. खाली मिक्सर चालू, वर रिव्हेट ठोकणं चालू. क्रेनवाला पंजाबी, बांधणारे आंध्रचे, बोल्ट लावणारे इकडचे, साहेब रशियन. तरी वीस टन लोखंड इंचा-इंचावर बसतं. कारण सगळे एकाच माणसाच्या हाताकडे बघतात. बोट वर करून गोल फिरवलं की हाबेस, म्हणजे उचल. बोट खाली करून फिरवलं की आरिया, म्हणजे खाली सोड. हात आडवा धरला की त्या बाजूला फिरव. मूठ बंद, जागेवर धर. आणि पहिला नियम असा की इशारा एकाच माणसाचा. बाजूला चीफ इंजिनियर उभा असला तरी त्यानं हात हलवायचा नाही.

सोमवारी मी पोरांना एक खेळ खेळायला लावला. प्रत्येकानं बॉलला टप्पे देत माझ्याकडे यायचं आणि मी हाताची किती बोटं दाखवतो ते चालता-चालता सांगायचं. बोटं मी सारखी बदलत होतो. घोषनं सातपैकी दोन वेळा बरोबर सांगितलं. त्याची नजर बॉलवर. बाकीच्यांचं तेच. मग मनराखन आला.

मनराखन साहू. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. प्लांटच्या पलीकडच्या गावातून सायकलनं यायचा. टीमच्या दहांत होता, पण मॅचमध्ये फारसा उतरायचा नाही. टप्पा त्याला फक्त उजव्या हातानं देता यायचा, तोही सावकाश. वर्षभरात मी त्याच्या तोंडून दोनच शब्द ऐकले होते, 'हव' आणि 'नइ', म्हणजे हो आणि नाही. तो आला, बॉलकडे एकदाही न बघता, माझ्या बोटांकडे बघत. तीन, एक, चार, दोन, चार, पाच, एक. सातही बरोबर. वर म्हणाला, "पीछे मुळे सर खड़े हैं."

खरंच उभे होते.

"हा?" साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले. "अरे, हा मुलगा बोलतो तरी का?"

"नाही, साहेब. आता बोलायचं कामच नाही ठेवत."

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. खांब उभे करणाऱ्या माणसाला कोच केल्याचा पश्चात्ताप त्या चेहऱ्यावर होता. पण ते एवढंच म्हणाले, "कमिटीचे दोघं मॅच बघायला येणार आहेत. बघ बाबा."

पोरांनी पहिल्या दिवशी खूप थट्टा केली. गुरदेव क्रेनसारखा हात लांब करून कर्र-कर्र आवाज काढायचा. "भैया, लोहा उठाना है कि मैच खेलना है?" घोष तर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मग एकदा एकट्यात गाठून म्हणाला, "हैंडलिंग मेरा बेस्ट है, ये तो आप मानते हैं ना?" मी म्हटलं, मानतो. तुझ्या हातात बॉल द्यायलाच मला दुसरा माणूस लागतो आहे. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. पण तो खेळला.

इशारे चारच ठेवले. मनराखननं बोट वर फिरवलं की गुरदेवनं रिंगखाली उडीची तयारी ठेवायची, बॉल उंच येणार. हात आडवा केला की राव त्या कोपऱ्यात. बोट खाली, म्हणजे घोषनं आत घुसायचं. मूठ बंद, सगळ्यांनी थांबून नव्यानं मांडणी करायची.

आणि पाचवा मी सवयीनं शिकवला. त्याची काही गरज नव्हती. पण खलाशांत इशारे शिकवताना तो शिकवल्याशिवाय कोणी उठत नाही. दोन्ही हात सरळ वर. म्हणजे रोको, धोका आहे. बाकी सगळे इशारे एकाच माणसाचे. हा मात्र कोणीही करू शकतो. झाडूवालीनं केला तरी क्रेन त्या क्षणी थांबली पाहिजे. का, कशासाठी, हे विचारायचं नाही.

"समझा?" मी मनराखनला विचारलं.

"हव."

चार दिवसांत थट्टा थांबली. सहाव्या दिवशी मैदानावर टप्प्यांचा आणि बुटांचाच आवाज येत होता. लोक कंपाउंडला टेकून बघायला लागले. टूर्नामेंट आमच्याच मैदानावर होती. मी सुपेला बाजारातल्या चांभाराकडून बॉलची शिवण पुन्हा घालून आणली. रिंगचे नट रोज सकाळी तपासले आणि दुपारी परत तपासले. मॅचच्या दिवशी मी टेप घेऊन रिंगची उंची मोजली, तर मनराखन लांबून बघत होता. तो हसला नाही. बरं वाटलं.

मॅच दुपारी चारला. समोर रायपूरची एक टीम, गेल्या वर्षी फायनल खेळलेली. त्यांचे सगळे आमच्यापेक्षा भरलेले. त्यांचा कोच पांढऱ्या बुटात. कमिटीचे दोन गृहस्थ मुळे साहेबांच्या शेजारी खुर्च्यांवर बसले. माझ्या जुन्या गँगमधले सात-आठ खलाशी सुट्टी असल्यानं आले होते. ते मागे गवतात बसले.

पहिल्या हाफला रायपूरवाल्यांना काही कळेना. त्यांची पोरं एकमेकांना ओरडून सांगत होती, आमची गप्प होती. मनराखन एका हातानं टप्पा देत, दुसरा हात वर करून यायचा, बोट फिरवायचा, आणि बॉल गुरदेवच्या हातात पडायचा. मागून खलाशी ओरडले, "हाबेस!" आणि सगळे हसले. हाफला आम्ही सहा पॉइंटनी पुढे होतो.

दुसऱ्या हाफमध्ये पांढऱ्या बुटवाल्यानं मनराखनचा डावा हात शोधून काढला, म्हणजे तो हात नाहीच हे शोधून काढलं. त्यांचा सगळ्यांत उंच खेळाडू त्याच्या उजवीकडे उभा केला. मनराखन अडला. सहाचे चार झाले, चारचे दोन. गुरदेवचे चार फाऊल झाले होते. पाचवा झाला की तो बाहेर. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मिनिट शिल्लक असताना आम्ही एक्केचाळीस, ते चाळीस.

बॉल आमच्याकडे होता. मनराखन तो घेऊन मधली रेघ ओलांडून आला. वेळ काढायचा होता, तो काढत होता. त्यानं मूठ बंद केली. पोरं जागेवर गेली. सगळं बरोबर चाललं होतं. तेवढ्यात मला दिसलं की त्याच्या मागून, त्याच्या उघड्या बाजूनं, रायपूरचा एक जण पळत येतो आहे.

माझे दोन्ही हात सरळ वर गेले.

मी ते उचलले नाहीत. ते गेले. दोन वर्षं लोखंडाखाली उभा राहिलेल्या कोणत्याही माणसाचे गेले असते.

मनराखननं माझ्याकडे बघितलं आणि तो थांबला. जिथे होता तिथे, दोन्ही हातांत बॉल धरून, खिळा ठोकल्यासारखा. थांबला की टप्पा संपला, आता त्याला परत टप्पा देता येत नव्हता. मागचा आला, समोरचा उंच आला. दोघांनी त्याला घेरलं. रेफरीनं बोटं मोजायला सुरुवात केली. पाच सेकंदांत बॉल सोडला पाहिजे. राव हात पसरून धावला, पण उशीर झाला. शिट्टी वाजली. जंप बॉल.

जंप बॉल म्हणजे रेफरी बॉल दोघांच्या मध्ये वर फेकतो. जो उंच उडतो तो आपल्या माणसाकडे टोलवतो. मनराखन पाच फूट चार. समोरचा सहा फुटांहून उंच. बॉल त्यांचाच झाल्यात जमा होता. वेळ पंचवीस-तीस सेकंद.

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मागे गवतातले खलाशी एकदम गप्प झाले होते. काय झालं ते त्या गर्दीत त्यांनाच कळलं होतं.

आमचा एक टाइम आउट शिल्लक होता. मी तो मागितला.

गुरदेव आल्याबरोबर म्हणाला, "भैया, रोका क्यों? क्यों रोका?"

"गलती मेरी है," मी म्हटलं. "इसकी नहीं. मेरी."

डोळ्यांसमोर मिलची शेड दिसत होती, आणि शिडी. पोरं वाट बघत होती. मी कोच होतो आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. तेव्हा मनराखन बोलला. वर्षभरातलं त्याचं सगळ्यांत लांब बोलणं.

"भैया, एक बात बोलूं? अब आप हाथ नीचे रखना." मग तो रावकडे वळला. "वो लंबू ने पहले हाफ में दो बार जंप किया. दोनों बार बॉल अपने बाएं पीछे मारा. वहां उसका गोरा वाला खड़ा रहता है. मैं नहीं कूदूंगा. मतलब कूदूंगा, पर बॉल के लिए नहीं. तू गोरे के आगे आ जाना. जब मैं मुट्ठी खोलूंगा, तब. पहले नहीं."

सायटीवर आम्ही हेच करायचो. जड लोड झोक्यात आला की त्याला कोणी अडवत नाही. तो कुठे येणार तिथे जाऊन आधी उभं राहायचं. हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. त्यानं ते कुठे पाहिलं, विचारायचं राहूनच गेलं.

शिट्टी झाली. मी बाकावर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. लाकडाला खिळा होता, तो तळव्याला टोचत होता. हात तसेच ठेवले.

मनराखन वर्तुळात उभा राहिला. पाठीमागे डावी मूठ बंद. राव दुसरीकडेच बघत कंबरेवर हात ठेवून उभा, जसं काही त्याला घेणंदेणं नाही. रेफरीनं बॉल वर फेकला. लंबू उडाला. मनराखनची मूठ उघडली. राव निघाला.

बॉल डावीकडे मागे गेला, आणि गोऱ्या पोराच्या हाताच्या वीतभर आधी तेलुगूत काहीतरी ओरडत राव तिथे पोचला होता.

पुढचं सोपं होतं, म्हणजे त्यांना सोपं होतं. रावनं घोषला दिला. घोषनं आयुष्यभर जे केलं तेच केलं, बॉल कोणाला दिला नाही. तीन जण त्याच्यामागे धावले आणि तो टप्पे देत देत मैदानभर फिरला. डावा हात, उजवा हात, पायाखालून. घंटा झाली तेव्हा तो आमच्या बाकासमोर होता. एक्केचाळीस-चाळीस.

मी अजून हातांवरच बसून होतो. गुरदेवनं मला काखेत धरून उभं केलं.

गर्दी पांगल्यावर मी मनराखनला गाठलं. सायकलचं कुलूप काढत होता. म्हटलं, "पीछे से वो आ रहा था, तुझे नहीं दिखा था, इसलिए मेरे हाथ..."

"दिखा था, भैया," तो म्हणाला. "राव की आंख में दिख गया था. मैं घूमने ही वाला था."

"फिर रुका क्यों?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी विसरलो आहे. "आपने ही तो कहा था. रोको मतलब रोको. क्यों, ये नहीं पूछना."

सेमीफायनल आम्ही बावीस पॉइंटनी हरलो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. समोरची टीम चांगली होती.

कमिटीची मीटिंग झाली. मुळे साहेबांनी नंतर मला बोलावून सांगितलं, "राहिलास. कागदावर ग्राउंडमनच. पण डिप्लोमावाल्याला नाही म्हणून कळवलं." माझे डोळे भरून आले तसं ते घाईनं म्हणाले, "एक प्रश्न मात्र आला होता. शेवटच्या मिनिटाला कोच दोन्ही हात वर करून काय करत होता?"

"मग तुम्ही काय सांगितलं, साहेब?"

"दुसऱ्या मेंबरनंच उत्तर दिलं. म्हणाला, माणूस सश्रद्ध आहे, देवाचा धावा करत होता. मी खोडून काढलं नाही."

मीही काढलं नाही. आईला कार्ड टाकलं, कॉलेजात कायम राहीन असं दिसतं. खरं कायम व्हायला आणखी कितीतरी वर्षं गेली. मॅट्रिक मी त्या दरम्यान बाहेरून बसून काढली, दुसऱ्या खेपेला. मनराखन पुढे प्लांटमध्ये लागला. क्रेनवर. त्याची खबर कधीमधी सुपेल्याच्या बाजारात मिळायची.

आता मी भिलाईतच, हुडको कॉलनीत राहतो. शिकवण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे की माणूस बदलताना आधीचा काय करत होता ते त्याच्या भोवतालच्यांना विचारावं, त्याला नव्हे. आणि एकदा इशारा दुसऱ्याच्या हातात दिला की आपले हात कुठेतरी ठेवायला जागा बघावी.

त्यानंतर जितक्या मॅच केल्या, तितक्या दोन्ही हात मांडीखाली घालून केल्या. पोरांना वाटायचं ही माझी स्टाइल आहे. माझ्याकडे खेळलेले दोघं आज कोच आहेत. परवा त्यांच्यातल्या एकाची मॅच बघायला गेलो होतो. शेवटचं मिनिट आलं तसे त्यानं दोन्ही हात मांडीखाली सरकवले. का, ते त्याला माहीत नाही. त्यानं कधी विचारलं नाही.